गंगाकाठचा कचरा आणि कलाकृती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नांदेडला गोदावरीच्या काठावर वाहून आलेला कचरा गोळा करून त्यापासून मासे, पक्षी आणि भिंतीवरची चित्रे करण्याचे काम आम्ही काही जण गेली काही वर्षे करत आहोत. त्याबद्दल शिक्षक, विद्यार्थी, शेतकरी आणि क्वचित एखादे तापट गृहस्थ आम्हाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात, म्हणून उत्तरांतही तो शब्द येईल. एखाद्या उत्तराचा भाग दुसरीकडे आला असेल, तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मराठवाड्याला समुद्रच नाही. मग समुद्रकाठच्या कचऱ्याची कला इथे कशी करणार?

समुद्रकाठच्या कचऱ्याचा मोठा भाग नद्यांनी आणून टाकलेला असतो, त्यामुळे तो समुद्रापर्यंत जाण्याआधी जिथे काठाला लागतो तिथेच उचलायचा, एवढाच मार्ग आपल्याला मोकळा आहे. त्र्यंबकेश्वरला उगम पावलेली गोदावरी १,४६५ किलोमीटर वाहून आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते आणि त्या वाटेवर पैठण, गंगाखेड, नांदेड ही आपली गावे येतात. पूर्णा, दुधना, सिंदफणा आणि मांजरा यांचे पाणी शेवटी तिच्यातच जाते. धाराशिवच्या पश्चिमेकडचे पाणी सीना आणि भीमेमार्गे कृष्णेला मिळते, पण तीही पूर्वेकडेच वाहते. अजिंठ्याच्या डोंगरातून खानदेशात उतरणाऱ्या वाघूरचे पाणी मात्र तापीमार्गे अरबी समुद्राला जाते. म्हणून ‘आपला कचरा कोकणच्या किनाऱ्यावर जातो’ असे वाक्य आमच्या प्रदर्शनासाठी कोणी लिहून आणले, तर आम्ही ते बदलायला लावतो.

नांदेडच्या पाण्यात पडलेली प्रत्येक बाटली समुद्रात पोहोचते असेही नाही. वाटेत तेलंगणातील श्रीरामसागर धरण आहे, खाली धवळेश्वरमचा बंधारा आहे आणि त्याआधीच काठच्या वेड्या बाभळींत अडकून गाळात रुतणारा माल पुष्कळ असतो. आमचे काम त्या अडकलेल्या मालावर चालते.

२. या प्रकारची कला आधी कोणी केली आहे? काय पाहावे?

अमेरिकेतील रिचर्ड लँग आणि ज्युडिथ सेल्बी लँग हे दांपत्य १९९९ पासून कॅलिफोर्नियातील किहो बीच या एकाच किनाऱ्यावरचे प्लास्टिक वेचत आले. तुकडे धुऊन, रंगांनुसार आणि प्रकारांनुसार लावून ते त्यांची मांडणी करत. एकच किनारा धरून राहण्याचा त्यांचा नेम आम्हाला फार उपयोगी वाटला. ओरेगॉनमधील बँडन या गावी अँजेला हेझल्टाइन पोझी यांनी २०१० मध्ये ‘वॉश्ड अशोअर’ हा उपक्रम सुरू केला. त्यात किनाऱ्यावरच्या कचऱ्यापासून सागरी प्राण्यांची प्रचंड शिल्पे होतात आणि ती बनवण्यात गावातील माणसे हात लावतात. केनियात ‘ओशन सोल’चे कारागीर किनाऱ्यावर आलेल्या रबरी चपलांचे थर चिकटवून त्यांतून हत्ती आणि जिराफ कोरतात.

आपल्या परिस्थितीला सर्वांत जवळचे उदाहरण जपानचे आहे. ओसाका येथे २००३ मध्ये ‘योदोगावा टेक्निक’ या नावाने सुरू झालेले काम योदो नदीच्या काठावर, नदीतल्या कचऱ्यापासूनच सुरू झाले आणि पुढे उनो बंदरावर २०१० साली त्यांनी कचऱ्याचा एक अवाढव्य मासा उभा केला. त्याच्या अंगावरच्या घरगुती वस्तू जवळ गेल्यावर एकेक करून ओळखू येतात. भारतात पाहायचे असेल, तर चंदिगडला नेकचंद यांची रॉक गार्डन आहे. ती किनाऱ्याच्या कचऱ्याची नाही, फुटक्या बांगड्या, फरशा आणि भांड्यांची आहे, परंतु टाकलेल्या वस्तूंची गर्दी कशी शिस्तीत बसवावी हे शिकण्यासाठी तिच्याइतकी चांगली शाळा दुसरी नाही. ती लोकांसाठी खुली झाली १९७६ मध्ये, म्हणजे आपल्या जायकवाडीचे लोकार्पण झाले त्याच वर्षी.

३. नदीकाठचा आणि समुद्रकाठचा कचरा यांत फरक काय असतो?

पहिला फरक अंगावरच दिसतो. समुद्रातून आलेला तुकडा मीठ, वाळू आणि लाटांनी घासून कडा बोथट झालेला, उन्हाने फिका पडलेला असतो आणि पुष्कळदा त्यावर शिंपल्यांसारखे कवचधारी जीव चिकटलेले असतात. नदीचा तुकडा मळकट, गाळाने भरलेला पण रंगाने ताजा असतो. समुद्रकाठी मासेमारीची दोरखंडे, जाळी आणि तरंड अधिक मिळतात, तर गंगाकाठी ठिबकच्या नळ्या, खतांची पोती, पत्रावळी, चपला आणि देवकार्यातील वस्तू मिळतात. समुद्राच्या काही गोष्टी आपल्याकडे येतच नाहीत. २५ मे २०२५ रोजी केरळजवळ ‘एमएससी एल्सा ३’ हे मालवाहू जहाज बुडाले, तेव्हा त्यातील मसुराएवढे प्लास्टिकचे दाणे तिथल्या किनाऱ्यांवर पसरले. तसा कच्चा माल आपल्या नदीत सहसा दिसत नाही.

दुसरा फरक आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो. समुद्रातल्या वस्तूला बहुतेक वेळा पत्ता नसतो. १९९२ मध्ये प्रशांत महासागरात एका जहाजावरून २८,८०० खेळण्यांची पेटी पडली आणि त्यांतली प्लास्टिकची बदके पुढे अनेक वर्षे वेगवेगळ्या खंडांच्या किनाऱ्यांवर लागत राहिली. बदक हाती आले, तरी ते कोणाच्या न्हाणीघरासाठी निघाले होते, हे कोणी सांगू शकत नव्हते. नदीच्या वस्तूला मात्र पत्ता असतो. कृषी सेवा केंद्राचा शिक्का असलेली पिशवी, मिठाईच्या दुकानाचा खोका, मंगल कार्यालयाचे नाव छापलेला पाण्याचा पेला हातात घेतला की वरच्या अंगाचे गाव डोळ्यांसमोर उभे राहते. त्यामुळे वस्तू ओळखू येईल अशीच ठेवायची, हा आमच्या कामाचा पहिला नियम झाला आणि खालची बरीच उत्तरे त्यातूनच निघतात.

४. गोळा करायला कधी आणि कुठे जावे?

आमचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. पावसाळ्यात वरून पाणी सोडले जात असताना नदीच्या पात्रात उतरणे हा निव्वळ वेडेपणा आहे. नांदेडजवळच्या विष्णुपुरी बंधाऱ्याचे दरवाजे उघडले की खालच्या घाटांवरचे पाणी पाहता पाहता चढते. पाणी उतरले की काठाच्या झुडपांवर पुराने आणलेल्या मालाची एक ओळ राहते. जमिनीपासून कमरेएवढ्या किंवा डोक्याएवढ्या उंचीवर फांद्यांना लटकलेल्या चिंध्या, पिशव्या आणि नळ्या एका रेषेत दिसतात, आणि सर्वांत चांगला माल तिथेच मिळतो, कारण तो गाळात रुतलेला नसतो.

जागा निवडताना नदीचे वळण पाहावे. वळणाच्या आतल्या बाजूला प्रवाह मंद होतो आणि तरंगणारा माल तिथे काठाला लागतो. भोई मंडळींना विचारले, तर ते अशा जागा बोट दाखवून सांगतात. गाळपेर जमिनीवर मात्र पेरणी झाली असेल, तर तिथे पाय ठेवू नये. घाटांवर सकाळच्या स्नानाच्या वेळी आणि दशक्रिया चालू असताना जाऊ नये. हा शहाणपणाचा भाग आहे, त्याला कायदा लागत नाही.

५. परवानगी लागते का?

सार्वजनिक घाटावरचा कचरा उचलायला आम्हाला आजवर कोणी अडवलेले नाही, तरीही महानगरपालिकेला किंवा ग्रामपंचायतीला एक साधे पत्र देऊन त्याची पोच जवळ ठेवावी. त्याचा एक व्यावहारिक उपयोग असा की, राज्यात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने आणि देशात १ जुलै २०२२ पासून अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी आहे. गोणीभर पातळ पिशव्या घेऊन जाणाऱ्या माणसाला त्या कुठून आणल्या, असे विचारले गेले तर उत्तर कागदावर असलेले बरे.

पैठणचे प्रकरण वेगळे आहे. नाथसागराचा, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाचा परिसर १९८६ पासून जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे, आणि त्याच्या हद्दीत वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय अशी मोहीम काढू नये. हिवाळा हा आपल्या सोयीचा काळ असतो आणि नेमके तेव्हाच स्थलांतरित पक्षी उतरलेले असतात, त्यामुळे परवानगी मिळाली तरी वीस माणसांचा घोळका घेऊन दलदलीत शिरणे योग्य नाही.

६. सोबत काय न्यावे?

जाड रबरी हातमोजे, गमबूट, खताची रिकामी पोती, लांब चिमटा आणि कात्री. हाताने उचलण्याआधी काठीने ढीग हलवावा, कारण पुराच्या पाचोळ्यात घोणस आणि विंचू दडलेले असतात. धनुर्वाताची लस घेतलेली असावी. पायाला जखम असेल, तर त्या दिवशी चिखलात उतरू नये. पुरानंतरच्या साचलेल्या पाण्यातून लेप्टो या तापाच्या आजाराची लागण जखमेवाटे होऊ शकते.

७. कोणत्या वस्तू उचलूच नयेत?

कीटकनाशकांच्या बाटल्या आणि डबे सर्वांत आधी येतात. त्यांच्या लेबलावर चौकटीत रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवा दिसला म्हणून ती बाटली धुऊन वापरावी असा अर्थ काढू नये. लेबल गळून गेले असेल आणि झाकणाचा वास उग्र येत असेल, तर तीही सोडावी. आमच्याकडे कापसाचे आणि सोयाबीनचे क्षेत्र मोठे असल्यामुळे या बाटल्या फार सापडतात आणि त्यांचे निळे, पांढरे रंग इतके स्वच्छ असतात की नवख्या माणसाचा हात आधी तिकडेच जातो.

सुया, सलाइनच्या नळ्या, औषधांच्या कुप्या, ट्यूबलाइट, बॅटरीचे सेल आणि डायपर यांनाही हात लावू नये. पक्ष्याचे घरटे जाळ्याच्या दोऱ्यांनी विणलेले आणि कितीही सुंदर असले, तरी ते तसेच राहू द्यावे. कोकणातून आणलेल्या वस्तूंबद्दल प्रश्न १६ पाहावा.

८. देवांच्या तसबिरी, भंगलेल्या मूर्ती आणि ओटीची वस्त्रे मिळतात. ती वापरता येतील का?

आम्ही वापरत नाही. गंगेत सोडलेली वस्तू सोडणाऱ्याच्या दृष्टीने कचरा नसते. तिच्यामुळे नदी बिघडते हे खरे असले, तरी ती खटकन उचलून माशाच्या पोटात बसवली, तर पाहणारा नदीबद्दल बोलण्याऐवजी आपल्याशी भांडू लागतो आणि त्याची बाजू अगदीच चुकीची नसते. तसबिरीच्या फुटक्या काचा आणि चौकटी वेगळ्या करून आम्ही चौकटी ठेवतो, चित्र मात्र निर्माल्य संकलनात देतो. हाच नियम शेजारच्या गुरुद्वाऱ्यांतून किंवा दर्ग्यांतून आलेल्या रुमालांना आणि चादरींना लागू आहे.

साड्या आणि खण यांबाबत आमच्यातच मतभेद आहेत. धुऊन, फाडून, तिची चिंधी करून वापरलेली साडी कोणाला खटकत नाही, असे काहींचे मत आहे. मला स्वतःला हिरव्या खणाचा तुकडा दिसला की तो पुन्हा ठेवून द्यावासा वाटतो.

९. महापुरात वाहून आलेली भांडी, दप्तरे, कागद सापडले तर काय करावे?

आधी मालकाचा शोध घ्यावा. आपल्याकडे स्टीलच्या भांड्यांवर नाव कोरण्याची पद्धत असल्याने हे बहुधा शक्य असते. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात पूर आले, त्यानंतरच्या हिवाळ्यात आम्हाला बाभळीच्या बुंध्यात अडकलेला एक तांब्या मिळाला. त्याच्या काठाखाली बारीक ठिपक्यांच्या अक्षरांत वधूवरांची नावे, गाव आणि लग्नाची तारीख कोरलेली होती, आणि आत मुठीएवढा गाळ वाळून घट्ट बसला होता. गावाच्या सरपंचांना फोन केल्यावर तिसऱ्या दिवशी घरची माणसे येऊन तो घेऊन गेली.

आधारकार्ड, सातबारा, बँकेची पासबुके अशी कागदपत्रे तलाठी कार्यालयात किंवा पोलीस ठाण्यात द्यावीत. वह्या आणि दप्तरे यांवर शाळेचे नाव असते. मालक सापडत नाही असे पुरते ठरल्याशिवाय यांतील कोणतीही वस्तू वापरू नये, आणि पूर ओसरल्याच्या पहिल्या काही आठवड्यांत तर गोळा करायलाच जाऊ नये. लोक तेव्हा स्वतःचे घर शोधत असतात. त्यांच्या मधून आपण कलेसाठी पोती भरत फिरणे बरे दिसत नाही.

१०. आमच्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो. प्लास्टिक धुवायला पाणी कुठून आणायचे?

हा प्रश्न लातूरच्या एका शिक्षकांनी पहिल्यांदा विचारला. ज्या शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथल्या माणसाने तो विचारणे साहजिक आहे. उत्तर असे की, उन्हाळ्यात धुऊच नये. नोव्हेंबरमध्ये गोळा केलेला माल आठवडाभर उन्हात पसरून ठेवला की गाळ सुकून तडकतो. मग तो काथ्याच्या ब्रशने किंवा झिजलेल्या खराट्याने झाडला असता बराचसा निघून जातो. उरलेल्यासाठी तीन घमेली ओळीने लावावीत. पहिल्यात भिजवायचे, दुसऱ्यात साबणाने घासायचे, तिसऱ्यात विसळायचे आणि तिसऱ्यातले पाणी पुढच्या खेपेला पहिल्यात ओतायचे. अशा रीतीने दोन बादल्यांत पोतेभर माल निघतो.

वापरलेले पाणी जुन्या सुती धोतरातून किंवा साडीतून गाळून मगच टाकावे, कारण त्यात प्लास्टिकचा बारीक चुरा असतो. ते नदीत टाकू नये, हे सांगायला नको. वास जात नसेल तर ब्लीचिंग पावडरच्या पातळ पाण्यात तासभर ठेवावे. त्यात संडास धुण्याचे ॲसिड कदापि मिसळू नये, क्लोरीन वायू तयार होतो.

११. कोणते प्लास्टिक कोणते, हे कसे ओळखायचे?

भंगारवाल्याच्या काट्यापाशी अर्धा दिवस बसावे. तो हाताने चुरगाळून आणि कानाशी वाजवून जे ओळखतो, ते आपल्याला पुस्तकातून येत नाही. घरी करता येण्यासारखी कसोटी पाण्याची आहे. साबणाचे दोन थेंब टाकलेल्या पाण्यात तुकडा बुडवून सोडावा. पिशव्या, ठिबकच्या नळ्या, बाटल्यांची झाकणे आणि पोती ही पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलीनची असल्यामुळे वर येतात. पाण्याच्या बाटलीचे ‘पेट’ नावाचे प्लास्टिक, पीव्हीसी पाइप आणि नायलॉनचे जाळे बुडते. बाटली झाकण लावलेली असेल, तर आतल्या हवेमुळे ती कितीही लांब तरंगत जाते. झाकण निघाले की बाटली तळाशी जाते आणि झाकण एकटेच प्रवास करते. काठावर बाटल्यांपेक्षा सुटी झाकणे जास्त दिसतात, त्याचे एक कारण हे आहे.

१२. फेव्हिकॉलने चिकटत नाही. मग जोडायचे कशाने?

झाकणे, पिशव्या आणि नळ्या यांना फेव्हिकॉल, किंबहुना जवळजवळ कोणताच डिंक धरत नाही, कारण पॉलिथिनचा पृष्ठभाग गोंदाला पकड देत नाही. नवख्यांची धाव हॉट ग्लूकडे असते. आमचीही होती. पहिली मोठी कलाकृती म्हणून आम्ही सात फूट लांबीची मरळ केली होती, तिच्या अंगावर चपलांच्या टाचांचे खवले होते आणि ते सगळे हॉट ग्लूने बसवले होते. फेब्रुवारीत ती उत्तम दिसली. एप्रिलमध्ये एका शाळेच्या अंगणात प्रदर्शन होते, दुपारी लोखंडी सांगाडा हात लावता येणार नाही इतका तापला आणि चारच्या सुमारास खवले एकेक करून घरंगळू लागले. मुलांना ती मरळ कात टाकते आहे असे वाटले. आम्ही मात्र मान खाली घालून खवले वेचत होतो.

त्यानंतर आम्ही फक्त बांधतो, शिवतो आणि स्क्रू लावतो. वस्तूला तापवलेल्या सुईने किंवा बारीक ड्रिलने दोन भोके पाडून बाइंडिंगची तार ओवायची आणि मागे पकडीने पीळ द्यायचा. पोत्यांसाठी दाभण आणि नायलॉनचा दोरा वापरायचा. ड्रिल करताना खाली कापड अंथरावे आणि तोंडाला मास्क लावावा. सांगाड्यासाठी भंगारातली सळई किंवा कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी पुरते. या पद्धतीला वेळ तिप्पट लागतो. मात्र एखादा तुकडा तुटला तर तेवढाच बदलता येतो, आणि पुढे सगळे सोडवताही येते, ज्याचा संबंध प्रश्न १८ शी आहे.

१३. प्लास्टिक वितळवून त्याच्या विटा किंवा साचे केले तर?

घरी किंवा शाळेत करू नये. नदीच्या मालात कोणता तुकडा कशाचा हे खात्रीने सांगता येत नाही. पीव्हीसी जळले तर हायड्रोजन क्लोराइड निघतो, थर्माकोल जळले तर काजळी आणि स्टायरीनचा धूर होतो. शिवाय वितळवलेल्या गोळ्यात कोणाचीच वस्तू ओळखू येत नाही, मग नदीकाठी जाण्याचे कारणच उरत नाही.

१४. रंग दिला तर चालेल का?

चालेल, पण आम्ही देत नाही. कारण प्रश्न ३ च्या उत्तरात आहे. हवा तो रंग मिळत नसेल तर वाट पाहावी. लाल रंग झाकणांत लवकर मिळतो, जांभळ्यासाठी आम्ही दोन हंगाम थांबलो.

१५. मराठवाड्यातल्या कचऱ्यात कलेच्या दृष्टीने सर्वांत चांगली वस्तू कोणती?

ठिबकची नळी, यात शंका नाही. मोसंबीच्या बागा आणि कापूस यांमुळे ती मैलोगणती टाकली जाते आणि ओढ्यांतून नदीला येते. तिच्यात काजळीचा काळा रंग मिसळलेला असतो, जो उन्हापासून प्लास्टिकचे रक्षण करतो, म्हणून इतर वस्तू दोन उन्हाळ्यांत ठिसूळ होतात तेव्हाही ती लवचीक राहते. ती वळते, विणता येते आणि ठरावीक अंतरावरची तिची भोके तार ओवायला आयती मिळतात. आमच्या एका वामीचे अख्खे अंग तिच्याच वेढ्यांचे आहे. कणा सळईचा, वेढे नळीचे आणि डोळ्यांच्या जागी दोन पिवळी झाकणे. लांबून ती खरोखर पाण्यातून निघालेली ओलसर वाम वाटते, जवळ आलेला शेतकरी मात्र लगेच नळीला हात लावून ती किती एमएमची आहे ते सांगतो.

याच्या उलट, मल्चिंग पेपर (शेतात वाफ्यांवर अंथरतात ते पातळ प्लास्टिक) आणि खताची पोती दिसायला आकर्षक पण बेभरवशाची. पेपर इतका पातळ असतो की उचलतानाच त्याच्या चिंध्या होतात. उन्हात पडलेल्या पोत्याची तर नुसती भुकटी होते आणि ती भुकटी पुन्हा मातीत जाते. थर्माकोल तर दारातच नको. त्याचे दाणे वाऱ्याने उडतात आणि कलाकृती हलवताना मागे पांढरी वाट राहते.

१६. कोकणात सहलीला जाणार आहोत. तिथल्या किनाऱ्यावरून माल आणला तर?

आणावा, पण वेगळा ठेवावा आणि कलाकृतीखालच्या पाटीवर ‘कोकण’ असे लिहावे, नाहीतर पाहणाऱ्याची फसवणूक होते. मिठामुळे तार लवकर गंजते, म्हणून समुद्राचा माल गोड्या पाण्यात एक रात्र भिजवावा. पावसाळ्यात किनाऱ्यावर डांबराचे काळे गोळे येतात, ते हाताला किंवा वस्तूला लागले तर रॉकेल न वापरता खोबरेल तेलाने पुसावे. प्रवाळ आणि समुद्री पंखे मात्र वाळूत सुटे पडलेले असले तरी आणू नयेत. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली ते संरक्षित आहेत आणि काही शंखांनाही तेच संरक्षण आहे. हिवाळ्यात वेळास, आंजर्ले अशा गावांच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, तेव्हा तिथे रात्री विजेरी घेऊन फिरू नये.

१७. शाळेतील मुलांना घेऊन हे करता येईल का?

काठावर मुलांना नेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. प्रश्न ६ आणि ७ वाचल्यावर कारण सांगण्याची गरज राहत नाही. मोठ्यांनी गोळा करून धुतलेला माल वर्गात आणावा आणि सातवीच्या पुढील मुलांना तारेने बांधण्याचे काम द्यावे. त्याआधीच्या मुलांना तुकडे रंगांनुसार वेगळे करून मांडायला द्यावेत, त्यात ती मोठ्यांपेक्षा तरबेज असतात. ज्यांना स्वतः वेचायचेच आहे, त्यांनी शाळेच्या मागच्या नाल्याकडे न जाता शाळेच्या फाटकाबाहेर वेचावे. गुटख्याच्या पुड्या आणि कुरकुऱ्यांची पाकिटे तिथे नदीपेक्षा जास्त असतात.

१८. शेवटी ती कलाकृतीही कचराच होणार ना?

होणार. मराठवाड्याच्या उन्हात बाहेर ठेवलेले काम तीन-चार वर्षांत ठिसूळ होते, आणि ठिसूळ प्लास्टिकचे तुकडे पडू लागले की त्याने नदीचे नुकसान पुन्हा सुरू होते. म्हणून आम्ही दर हिवाळ्यात प्रत्येक काम हाताने दाबून पाहतो. झाकण अंगठ्याखाली तडकले, की ते काम सोडवतो, तार आणि लोखंड भंगारात, नरम आणि कडक प्लास्टिक वेगवेगळे करून काट्यावर देतो आणि सांगाडा पुढच्या कामासाठी ठेवतो. सिमेंटात रुतवलेली किंवा राळेत बुडवलेली कलाकृती अशी सोडवता येत नाही, त्यामुळे ती पद्धत आम्ही टाळतो. छताखालचे काम बरेच अधिक टिकते.

१९. याने नदी स्वच्छ होते का?

नाही. आमच्या वर्षभराच्या गोण्या एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मावतात. मुंबईत वर्सोव्याचा किनारा अफरोज शाह यांच्या पुढाकाराने २०१५ पासून साफ झाला, तो हजारो लोकांनी आठवड्यामागून आठवडे केलेल्या श्रमाने. ते सफाईचे काम होते, आमचे तसे नाही.

२०. भंगारवाल्याकडून माल विकत घेतला किंवा कमी पडला म्हणून घरातली नवी झाकणे मिसळली तर?

भंगारवाल्याकडून घेतलेला माल आधीच पुनर्वापराच्या वाटेवर असतो. तो अडवून कलाकृतीत बसवला, तर वाटेवर लागलेली वस्तू आपण परत थांबवली असे होते. सांगाड्याचे लोखंड घेणे वेगळे. नवी झाकणे मिसळणे ही तर सरळ खोटी गोष्ट आहे. एकदा एका उत्साही पालकांनी मासा पूर्ण व्हावा म्हणून पाण्याच्या बाटल्यांचा अख्खा खोका विकत आणून रिकामा केला होता. त्यांचा हेतू चांगला होता, तरी ती झाकणे आम्ही लावली नाहीत. माशाची शेपटी त्या वर्षी आखूडच राहिली.

कलाकृती विकण्यास हरकत नाही. विकताना कोणत्या काठावरचा माल आहे आणि किती वर्षांनी तो परत आणून द्यावा, हे पावतीवर लिहून द्यावे.

२१. प्रदर्शनात कोणी ‘ही वस्तू माझी आहे’ म्हणून परत मागितली तर?

द्यावी, आणि पुरावा मागू नये. प्रश्न ९ मधील नियम पाळूनही एखादी वस्तू नजरेतून सुटते. गंगाखेडजवळच्या एका गावातून आलेल्या आजींनी आमच्या मरळीच्या कल्ल्यावर बसवलेले जर्मनच्या डब्याचे झाकण पाहिले आणि त्याला पडलेला पोचा कशाने पडला, ते सांगितले. नातवाने तो डबा ओट्यावरून पाडला होता. डबा पुरात गेला होता, झाकण एवढेच राहिले होते. पकडीने तार सोडवून आम्ही ते त्यांच्या हातात दिले. त्यांनी ते पदराने पुसले, उलटसुलट करून पाहिले आणि पिशवीत टाकले. कल्ल्यावरची ती जागा अजून रिकामी आहे, आणि पोरे तिथे बोट घालून आतली सळई चाचपतात.